गुलमोहराच्या जागी लवाटे

दिगंबर लवाटे या सज्ञान, विवाहित आणि विश्रांतवाडीत स्वतःच्या नावावर घर असलेल्या गृहस्थाचं मी एकदा झाड केलं. मंत्राबिंत्राने नव्हे, माउसने. फार वेळही लागला नाही. टेबलावरचा चहा गार व्हायच्या आत गृहस्थ गेले आणि त्यांच्या जागी लालभडक गुलमोहर आला. हा गुलमोहर मूळचा खडकी स्टेशनबाहेरचा. तिथल्या एका फोटोतून मी तो मुळांसकट उचलला होता.

तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. अमेरिकेतल्या कंपन्या पटापट बुडाल्या आणि वरद नावाचा आमचा एक इंजिनियर मित्र पुण्याला परत आला. येताना त्याने एक प्रोग्रॅम आणला. एखाद्या जागेचे चार बाजूंनी चार फोटो काढून त्याला दिले, की तो सारख्या खुणा शोधत बसायचा. या फोटोतला खिडकीचा कोपरा त्या फोटोत कुठे आहे, इथला खांब तिथे किती सरकला, असं ताडत ताडत जवळ काय आणि लांब काय याचा हिशेब लावायचा, आणि ती अख्खी जागा पडद्यावर अशी उभी करायचा की आपण त्यात मान वळवून हिंडून यावं. मग त्यात न बांधलेली इमारत बसवायची आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या, अजून अस्तित्वात नसलेल्या खिडकीतून बाहेरचा देखावा दाखवायचा. बिल्डर लोकांना हे फार आवडे. न बांधलेल्या इमारतीत हिंडण्याची त्यांना तशीही सवय होती.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याच्या आत रावसाहेब नावाच्या बिल्डरची स्कीम होणार होती. जमीन त्यांच्याच घराण्याची. तिथले फोटो आम्ही काढले. शेजारच्या जुन्या सोसायटीची पहिल्या मजल्यावरची एक गॅलरी अगदी समोर येत होती. पहिल्या फोटोत तिथल्या दोरीवर धोतर होतं. दुसऱ्यात धोतर जाऊन हिरवी साडी आली होती. तिसऱ्यात साडीमागून एक गृहस्थ अर्धे बाहेर आले होते, आणि चौथ्यात गृहस्थ होते पण साडी नव्हती. प्रोग्रॅम बिचारा जग स्थिर आहे असं धरून चालणारा. त्याने या सगळ्याची बेरीज केली. पडद्यावर हिरव्या रंगाचं, धोतर नेसलेलं, दीड डोक्याचं काहीतरी कठड्यावरून ओघळताना दिसू लागलं. ब्रोशर संध्याकाळी छापायला जायचं होतं. मी तिथे गुलमोहर लावला.

रावसाहेबांना तो इतका पसंत पडला की त्यांनी स्कीमचं नावच ‘गुलछाया हाइट्स’ ठेवलं. मला ते गुलकंदाच्या दुकानासारखं वाटलं, पण आपल्याला कोण विचारतो!

ब्रोशर छापून, वाटून झाल्यावर एका दुपारी आमच्या ऑफिसात एक किडकिडीत वृद्ध गृहस्थ आले. खांद्याला कापडी पिशवी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, सदऱ्याच्या खिशाला लाल पेन्सिल. ऑफिस बुधवार पेठेत, रिमोट आणि वायरी विकणाऱ्या एका दुकानाच्या वर होतं. जिना असा अंधारा की नवीन माणूस प्रत्येक पायरीला कुणाला तरी हाक मारत वर यायचा. हे मात्र तरातरा आले आणि थेट वरदच्या खुर्चीत बसले. वरद उभाच राहिला.

“ही माझी जागा,” ते म्हणाले. “म्हणजे होती. इथे आमचा छापखाना होता. तुम्ही उभे आहात तिथे अक्षरं जुळवणारे कंपोझिटर बसायचे. त्यामुळे तुम्ही उभे राहिलात तर आमची काही हरकत नाही.”

मग त्यांनी पिशवीतून ब्रोशर काढून माझ्यापुढे धरलं. गुलमोहराच्या बुंध्यावर लाल पेन्सिलीने कावळ्याच्या पायासारखी एक खूण होती. तिला काकपद म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मजकुरातला शब्द गळला, की तो कुठे घालायचा हे दाखवायला मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं तपासणारे, ही खूण करतात आणि गळलेला शब्द समासात लिहितात. समासात सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं : ‘गॅलरी राहिली.’

“हे कोणी केलं?”

मला वाटलं, गिऱ्हाईक आहे. “मीच. छान आलंय ना झाड?”

“झाड उत्तम आहे. मी त्याच्या बुंध्यात राहतो.”

मी नीट पाहिलं. चौथ्या फोटोतले गृहस्थ.

“अहो काका, ते फक्त जरा पुसलं...”

“हो, ते कळलंच. आपलं आडनाव?”

मी सांगितलं.

“ते असू दे. मी पुसकर म्हणेन. आडनावं धंद्यावरूनच पडतात.”

तेव्हापासून मी लवाट्यांच्या लेखी पुसकर झालो तो झालोच. पुढे माझ्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरही त्यांनी ‘चि. पुसकर यांस’ असंच लिहिलं.

वरदला यात काही गंभीर वाटेना. “काका, ब्रोशरमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघा. चित्र केवळ कल्पनादर्शक.”

“वाचलं. बारीक अक्षर वाचण्यातच आयुष्य गेलं माझं. कल्पना तुमची, दर्शन माझं बंद, असा प्रकार आहे हा,” लवाटे म्हणाले, आणि मग काय घडलं ते त्यांनी सांगितलं.

गिऱ्हाइकं जागा बघायला येऊ लागली होती. हातात ब्रोशर धरून ती विचारत, ‘हे झाड कुठाय?’ तिथे झाड नव्हतं. तिथे लवाट्यांचे लेंगे होते. दोन-चार गिऱ्हाइकं अशी परत गेल्यावर रावसाहेबांनी त्यावर इलाज काढला. चित्र बदलायचं नाही. छापून झालंय, लोकांना आवडलंय. त्यापेक्षा जागा चित्रासारखी करायची. सोसायटीच्या कुंपणाला लागून वीस फूट उंच हिरवा पत्रा ठोकायचा आणि त्यावर वेल सोडायचा, म्हणजे गॅलरी दिसायला नको. सोसायटीच्या कमिटीला त्यांनी पाण्याचा नवीन पंप कबूल केला होता. कमिटीला वेलही आवडत होता आणि पंप त्याहून आवडत होता.

“मग बरंच आहे की,” वरद म्हणाला. “हिरवळ होईल.”

“हिरवळ होईल. उजेड जाईल.”

एवढं बोलून ते थांबले. बाकीचं आम्हाला नंतर हळूहळू, बरंचसं हेमाकाकूंकडून, म्हणजे त्यांच्या पत्नीकडून, कळलं.

लवाटे मूळचे पेठेतले. छापखान्यात प्रूफं वाचण्याची नोकरी. क्रमिक पुस्तकं, लग्नपत्रिका, आरत्यांचे संग्रह, कायद्याची पुस्तकं, सगळं त्यांच्या लाल पेन्सिलीखालून गेलेलं. विश्रांतवाडीला सोसायटीत घर घेतलं तेव्हा तिथे रात्री कोल्हे ओरडायचे. शहरातल्या नातेवाइकांनी ‘एवढं लांब जायचं तर थेट आळंदीलाच समाधी घ्यायची होती’ असं तोंडावर सांगितलं होतं. पण घर पूर्वेला तोंड करून होतं आणि गॅलरी रुंद होती. लवाट्यांनी घर घेतलं नाही, गॅलरी घेतली. खोल्या तिच्याबरोबर आल्या.

नंतर कॉम्प्युटर आले. छपाईचे शिशाचे खिळे भंगारात गेले. चुका पडद्यावरच सुधारतात असा समज पसरला आणि छापखाना बंद पडला. चुका काही बंद पडल्या नाहीत, त्यामुळे दोन-तीन लहान प्रकाशक अजूनही प्रूफं लवाट्यांच्या घरी पाठवत. सकाळी ऊन कठड्यावर चढलं की ते गॅलरीत खुर्ची टाकत. ऊन कठड्यावरून उतरेपर्यंत वाचत. वाळत घातलेल्या कपड्यांची सावली प्रूफावर पडली की उठून कपडे सरकवत. आमच्या चार फोटोंत धोतर आणि साडी का ये-जा करत होती, त्याचं उत्तर हे.

ट्यूबलाइटखाली मात्र त्यांना आता जमेना. अक्षरं तरंगायची. ‘ख’ आणि ‘रव’ यांतला फरक नाहीसा झाला होता. एका पावसाळ्यात, ढगाळ हवेत, खोलीत बसून त्यांनी पाककृतींचं एक पुस्तक तपासलं. ‘मंद आचेवर रवा भाजून घ्या’ याच्याऐवजी ‘मंद आचेवर खा भाजून घ्या’ असं छापून आलं. लेखिकेने फोन करून विचारलं, “मंद आचेवर काय खायचं?” प्रकाशक सज्जन होता. तो म्हणाला, “काका, आता विश्रांती घ्या.”

“विश्रांतवाडीत राहतो. आणखी किती घेऊ?” लवाटे म्हणाले, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. पाककृतींचं ते पान हेमाकाकूंनी फाडून टाकलं होतं. लवाट्यांनी ते कचऱ्यातून काढून गॅलरीच्या दारामागे चिकटवलं. त्यानंतर त्यांनी उन्हाशिवाय एक ओळ वाचली नाही. नवी इमारत बागेपलीकडे होणार होती, तिची सावली गॅलरीपर्यंत पोचत नव्हती. पत्रा आला असता तर मात्र ऊन गेलं असतं आणि उन्हाबरोबर प्रूफं. माणूस काही उपाशी मरणार नव्हता, एक मुलगी चांगली नोकरीला होती. पण सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न मुलीच्या नोकरीने सुटणारा नव्हता.

हे त्यांनी आम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही. फक्त ब्रोशर परत पिशवीत घालताना म्हणाले, “आमच्याकडे चूक सापडली तर प्रूफ दुरुस्त करायचे. मूळ मजकुराला चुकीशी जुळवून घ्यायला सांगत नसत.”

वरदला त्या वाक्याने किती फरक पडला ठाऊक नाही. त्याला वेगळीच गोष्ट डाचत होती. अमेरिकेत शिकून लिहिलेला त्याचा प्रोग्रॅम एका दोरीवरच्या धोतराने आपटला होता. तो म्हणाला, “काका, तुमची गॅलरी तासभर अजिबात हलली नाही, तर आपण ती परत बरोबर उभी करू. मग रावसाहेबांना दाखवू. पटलं तर पटलं.”

“गॅलरी कशी हलेल? सिमेंटची आहे.”

“गॅलरीतलं.”

“मग गॅलरीतलं म्हणा.”

रविवार ठरला. आदल्या दिवशी मी फोन करून दोन सूचना दिल्या. एक, काहीही हलायला नको. दोन, दोरीवर कोरं कापड नको. प्रोग्रॅमला खुणा लागतात. नक्षी, ठिपके, रेघा काहीही चालेल, पण कोऱ्या पृष्ठभागावर त्याला धरायला काही सापडत नाही. पण हे सगळं स्पष्टीकरण मी मनातच ठेवलं. फोनवर एवढंच म्हणालो, “कोरं काही टांगू नका.”

“कळलं,” लवाटे म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं : ‘आज सकाळी शास्त्रीय कारणासाठी वाळत घातलेले कपडे हलवू नयेत. वाऱ्याने हलल्यास संबंधित सभासद जबाबदार.’ वर गॅलरीत दोरीवर लवाट्यांची दोन धोतरं होती. जुनी, मऊ पडलेली, पण नीळ घालून धुतलेली आणि वाऱ्याने हलू नयेत म्हणून खळ देऊन अशी कडक केलेली, की टकटक केलं असतं तर आतून कोणीतरी ‘कोण आहे?’ विचारलं असतं. धोतरांच्या मध्ये लवाटे स्वतः प्रूफ घेऊन बसले होते. तेही खळ दिल्यासारखेच.

आम्ही पलीकडच्या मोकळ्या जागेत हिंडून फोटो काढू लागलो. इकडे लवाट्यांची मात्र परीक्षा चालू होती. दुसऱ्याच ओळीत त्यांना ‘परिक्षा’ दिसली. ऱ्हस्व. लाल पेन्सिल हातातच होती. बोटं शिवशिवू लागली. हात उचलला तर हललं, नाही उचलला तर चूक तशीच. कठड्यावर एक कावळा येऊन बसला, प्रूफाकडे बघू लागला. त्यालाही ती चूक दिसली असावी असं लवाट्यांना वाटलं. आतून हेमाकाकू विचारत होत्या, “अहो, चहा टाकू का?” याचं उत्तर द्यायला ओठ हलवावे लागतात, म्हणून त्यांनी दिलं नाही. काकूंनी तीनदा विचारलं आणि मग बाहेर येऊन त्या नाकापुढे बोट धरून बघून गेल्या. आम्ही खालून ‘झालं!’ म्हणून ओरडलो, तेव्हा कावळा उडायच्या आधी पेन्सिल कागदावर टेकली होती.

सोमवारी लवाटे ऑफिसात हजर. वरदने पडद्यावर गॅलरी उभी केली. कठडा स्वच्छ आला होता. खुर्ची आली होती. प्रूफसुद्धा आलं होतं. फक्त धोतरांच्या जागी, डावीकडे आणि उजवीकडे, पांढरीफेक, सपाट, गुळगुळीत भिंत उभी होती, आणि तिच्या फटीतून लवाट्यांचं नाक दिसत होतं.

“हे काय?”

“धोतरं,” वरद म्हणाला. “त्यावर काहीच खूण नाही ना. शिवाय जराही हलली नाहीत. त्याला वाटलं भिंत आहे.”

लवाट्यांनी पडद्यावरच्या भिंतीवर पेन्सिल टेकवली. “म्हणजे त्यांनी पत्रा ठोकायच्या आधी मीच बांधली की हो!”

मी म्हणालो, “काका, कोरं टांगू नका म्हटलं होतं मी.”

“मग? नव्हतं टांगलं. दोन्ही चांगली धुवट आहेत. कोरं म्हणजे दुकानातून आणलेलं, अजून पाणी न लागलेलं. परवाच घेतलेलं एक कोरं होतं, ते मुद्दाम कपाटात ठेवलं.”

“कोरं म्हणजे ज्यावर काही नाही ते. कोरा कागद म्हणतो तसं.”

“कागद कोरा असतो तेव्हा त्यावर काही नसतं. धोतर कोरं असतं तेव्हा ते नेसलेलं नसतं. आणि चहा कोरा असतो तेव्हा त्यात दूध नसतं. तिन्ही वेगळं. तुम्ही कुठल्या शाळेत होता, पुसकर?”

“प्लेन, काका, प्लेन!” वरद न राहवून म्हणाला.

“मग प्लेन म्हणायचं. मराठीत बोलायचा आग्रह कोणी केला होता तुम्हाला?”

पण ‘कोरं’ या शब्दाचा एकच अर्थ धरून चालत नाही, हे मुद्रितशोधकाला कळायला हवं होतं, हेही त्यांनी जिना उतरताना कबूल केलं. आम्हाला नव्हे, जिन्याला. मागून येणाऱ्या मला ते ऐकू आलं.

पुढच्या रविवारी फळ्यावर पुन्हा सूचना लागली. या वेळी काय टांगायचं यावर घरात बराच खल झाला. लवाट्यांनी चौकटीचे पंचे सुचवले. काकू म्हणाल्या, “मला गोधडी उन्हात घालायचीच आहे. तुमचे फोटो होवोत नाहीतर न होवोत, ढेकूण तरी जातील.” त्यांच्या माहेरची ती गोधडी म्हणजे गावातल्या यच्चयावत जुन्या साड्या, सदरे आणि परकर यांचं संमेलन होतं. प्रोग्रॅमने तिला मिठी मारली. प्रत्येक ठिगळाचा प्रत्येक कोपरा त्याला चारही फोटोंत सापडला. पडद्यावर ती अशी आली की हात लावला तर ऊब लागावी. आणि गोधडीच्या बाजूला, उन्हात, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून, प्रूफ वाचणारे लवाटे. अख्खे. डोकं एक.

त्यांनी स्वतःलाही तपासलं. “पोट जास्त आलंय.”

“फोटोत आहे तेवढंच आहे काका.”

“मग राहू दे.”

रावसाहेबांना आम्ही बोलावलं. लवाटेही कापडी पिशवीसह कोपऱ्यात येऊन बसले. रावसाहेब अंगापिंडाने मोठे, पांढरे कपडे, मनगटात कडं. बोलायला लागले की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघत. वरदने त्यांच्या हातात माउस दिला. ते न बांधलेल्या तिसऱ्या मजल्यावर चढले, न बसवलेली खिडकी उघडली आणि बाहेर बघितलं.

“आरं तिच्या! हे तर लवाटे हायेत!” मग माउस इकडेतिकडे फिरवून बघितला. “झाड कुठं गेलं?”

“झाड नव्हतंच,” मी म्हणालो.

“न्हवतंच म्हंजी? मी नाव ठिवून बसलोय गुलछाया! आता काय गोधडीछाया म्हनू?” त्यांनी माउस सोडला. “न्हाई जमायचं. गिऱ्हाइकाला काय वाळत घातल्याली गोधडी दावू व्हय? पत्र्याचं बोलनं झालंय, बुधवारी मानसं येत्यात. विषय संपला.”

ते उठले. बुधवार म्हणजे परवा.

लवाटे बसल्या जागेवरून म्हणाले, “दाखवू नका की. पत्रा ठोका. पण वेल चढायला दोन वर्षं लागतात, रावसाहेब. तोवर तुमच्या गिऱ्हाइकाला खिडकीतून पत्रा दिसेल. ते झाडाबद्दल विचारत होते, आता पत्र्याबद्दल विचारतील. पत्र्यापलीकडे काय लपवलंय, म्हणून.”

रावसाहेब दारात थांबले. “काय लपवायचं हाय त्यात?”

“काहीच नाही. मी आहे.”

रावसाहेब परत आले. उभ्या उभ्याच त्यांनी माउस हातात घेतला आणि गोधडी ओलांडून जवळ, आणखी जवळ गेले. पडद्यावर लवाट्यांचा चष्मा आणि हातातला कागद मोठा झाला.

“रोज वाचत बसता ह्ये?”

“ऊन असेपर्यंत.”

“काय असतंय?”

“पुस्तकाची प्रूफं. छापायच्या आधी तपासतो.”

“म्हंजी पुस्तकं तुमाला विचारून निघत्यात?” रावसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. ते पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेले, खिडकीतून बघितलं, मागे सरकले, परत बघितलं. घरात सोफा कुठे ठेवावा हे ठरवणाऱ्या माणसासारखे ते लवाट्यांना वेगवेगळ्या बाजूंनी बघत होते. मग मांडीवर थाप मारली.

“आता कोन येतंय घर घ्यायला? हे कंपनीतलं कॉम्प्युटरवालं. त्यांना काय पायजे? पोरांना वळन लागलं पायजे. झाड काय, कुंडीत बी लावता येतंय. असला मानूस कुठं लावता येतो का?” वरदकडे वळून म्हणाले, “ह्येच छापा. आनि खाली लिवा, समोर सुशिक्षित शेजार.”

“आणि पत्रा?” मी विचारलं.

“येडे का खुळे तुमी? पत्रा ठोकल्यावर शेजार दिसंल कसा?”

अशा रीतीने लवाट्यांचं ऊन वाचलं. न्यायाने नव्हे, दयेने नव्हे. जिम आणि लहान मुलांच्या घसरगुंडीच्या ओळीत ते ‘सोयी’ या सदराखाली गेले म्हणून वाचलं. पंप मात्र कमिटीला मिळाला नाही, आणि त्याबद्दल काही सभासद लवाट्यांशी आजही फक्त पाण्याच्या वेळेबद्दल बोलतात.

नवीन ब्रोशर छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते जिना चढून वर आले. माझ्यापुढे ब्रोशर ठेवलं. ‘समोर सुशिक्षीत शेजार’ यातल्या ‘क्षी’वर लाल वर्तुळ होतं.

“पहिली वेलांटी, पुसकर. निदान हा शब्द तरी शुद्ध ठेवायचा होता.”

पुढचे काही महिने त्यांचे त्रासाचे गेले. रविवारी गिऱ्हाइकं ब्रोशर हातात घेऊन बागेच्या जागेत उभी राहत आणि गॅलरीकडे बघत. लवाटे तिथे नसले तर रावसाहेबांचा माणूस खालून हाक मारी, “काका, जरा बसता का? पार्टी आलीये!” पहिल्यांदा त्यांनी त्याला शुद्धलेखनाचे चार नियम ऐकवले. पण बसायचे. तसेही ते बसणारच होते. एका बाईंनी खालून विचारलं, “रोज बसतात का हो?” त्यावर वरून उत्तर आलं, “गुरुवारी बंद.”

इमारत झाली. बाग झाली. नाव खोटं ठरू नये म्हणून रावसाहेबांनी एका कोपऱ्यात गुलमोहराचं रोप लावलं. कुठे लावायचं ते लवाट्यांनी गॅलरीत उभं राहून, सावलीचा अंदाज घेऊन, पेन्सिलीने दाखवलं. अंदाज थोडा चुकला. उन्हाळ्यात एक फांदी सकाळी अर्धा तास त्यांच्या प्रूफावर येते. ती छाटायला ते रावसाहेबांना दर मार्चमध्ये सांगतात आणि रावसाहेब दर मार्चमध्ये ‘हो’ म्हणतात.

आणि मी? चित्र मी स्वतः केलेलं, त्यातला ठिपका न् ठिपका कसा जुळवला ते मला ठाऊक. तरी त्याला पहिला मीच भुललो. लग्न ठरल्यावर गुलछायात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. आमच्या बैठकीच्या खोलीतून आजही बरोबर तेच दिसतं : कठडा, खुर्ची, चष्मा, लाल पेन्सिल. गोधडी मात्र वर्षातून दोनदाच. एरवी त्या दोरीवर लवाट्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे लेंगे असतात. प्रोग्रॅमला ते फार आवडले असते. एकेक पट्टा मोजून घ्यावा असे.

परवा माझ्या बायकोच्या ऑफिसातले वरचे साहेब घरी चहाला यायचे होते. बायको सकाळपासून खिडकीशी उभी राहून समोर बघत होती. शेवटी म्हणाली, “तूच सांग त्यांना. तुझे आहेत ते.” मी खिडकी उघडली. लवाटे प्रूफावर वाकले होते. ऊन अजून कठड्यावर होतं.

“काका,” मी ओरडलो, “आज आमच्याकडे पाहुणे यायचेत. तेवढे ते लेंगे जरा दिसू नयेत असं...”

त्यांनी मान वर केली नाही. ओळ संपवली, समासात काहीतरी लिहिलं आणि मग म्हणाले,

“मग पुसा की, पुसकर.”